बैहरला केव्हा यावे?

दिवाळी उलटली की आमच्याकडे एक प्रश्न ठरल्याप्रमाणे येतो. पूर्वी तो आंतरदेशीय पत्रातून येत असे, हल्ली दूरध्वनीवरून येतो. शब्द मात्र बदललेले नाहीत. "यंदा तुमच्याकडे यावं म्हणतो. केव्हा येऊ?" पुणे, ठाणे, नाशिक, इंदूर, जेथे जेथे आमचे गणगोत पांगले आहे तेथून हा प्रश्न येतो, आणि आम्ही उभयता वर्षानुवर्षे त्याला एकच उत्तर देत आलो: "या की केव्हाही, घर तुमचंच आहे." हे उत्तर अगत्याचे असले तरी चुकीचे आहे, हे कबूल करावयास आम्हाला साठी ओलांडावी लागली.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. बालाघाट म्हटले की महाराष्ट्रातील पुष्कळांच्या डोळ्यांसमोर बीड-लातूरकडची डोंगररांग उभी राहते. आमच्या एका आप्ताने तर नांदेडचे तिकीट काढण्याची तयारी केली होती! आमचा बालाघाट मध्य प्रदेशातला. गोंदियाच्या उत्तरेस, वैनगंगेच्या काठी. भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडून १८६७ साली हा जिल्हा बनविण्यात आला. त्याचे दोन मजले आहेत म्हणा ना. खालचा मजला वैनगंगेच्या खोऱ्याचा, बालाघाट, वारासिवनी, लांजी या बाजूचा, सपाट आणि धानाच्या बांध्यांनी भरलेला. वरचा मजला बैहर आणि परसवाड्याचा, मैकलच्या डोंगरांचा, साल वृक्षांच्या अरण्याचा. 'बालाघाट' म्हणजे घाटावरचा प्रदेश. तेव्हा नाव खरे वरच्या मजल्याचे, ते धारण करून बसले आहे खालचे शहर! पाहुण्यांना पाहावयाचा असतो तोही वरचाच मजला, आणि ऋतूचा जाच जाणवतो तोही तेथेच.

हा प्रश्न यंदा आम्ही प्रथमच गंभीरपणे घेतला, त्याला कारण आमच्या आत्याबाई. त्यांचे वय ब्याऐंशी. त्यांचा जन्म बैहरचा. आमचे आजोबा तेथे शाळामास्तर होते. त्या काळी नागपूर ही आमची राजधानी होती आणि बालाघाटच्या कचेऱ्यांतून मराठी सर्रास कानी पडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सरकारी नोकरांचीही वाटणी झाली. आजोबांनी मुंबई राज्य पत्करले आणि भंडाऱ्यास बदली करून घेतली. आमचे वडील थोरले, त्यांना येथे नोकरी लागलेली होती, म्हणून ते येथेच राहिले. तेरा वर्षांच्या आत्याबाई बैलगाडीतून घाट उतरल्या त्या पुन्हा चढल्या नाहीत. लग्न होऊन त्या पुण्यास गेल्या. बालाघाटला आमच्या घरी दोन-तीनदा येऊन गेल्या, पण लग्नकार्याच्या गर्दीत बैहर राहूनच गेले.

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या धाकट्या काकांनीही बैहरला जाण्याचा मनोदय बोलून दाखविला होता. "दिवाळीनंतर बघू," असे आम्ही म्हणालो. दिवाळीनंतर बघावयास काका राहिले नाहीत. त्यानंतर आत्याबाईंचा दूरध्वनी आला, तेव्हा 'केव्हाही या' हे शब्द आमच्या तोंडातून निघेनात. आम्ही त्यांना विचारले, "आत्याबाई, तुम्हाला तिथं काय पाहायचं आहे?" त्या म्हणाल्या, "सरई फुललेली पाहायची आहे रे. शाळेमागं ओढ्याकाठी होती." सालवृक्षाला इकडे सरई म्हणतात.

त्या रात्री आम्ही दिनदर्शिका पुढे घेऊन बसलो आणि आजवर आलेल्या पाहुण्यांची आठवण काढीत महिन्यामागून महिना तपासू लागलो.

पावसाळ्यापासून आरंभ केला, कारण सर्वांत मोहक तोच आणि सर्वांत फसवाही तोच. वर्षाकाठी सुमारे चौदाशे मिलिमीटर पाऊस येथे पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. श्रावणात गांगुलपाऱ्याचा घाट चढू लागले की डावी-उजवीकडे झऱ्यांचा नुसता गजर चाललेला असतो. खाली बांध्यांतून गुडघाभर चिखलात बाया रोवणी करीत असतात, वर सालाच्या पाचोळ्यात पिहरी नावाच्या अळंब्या उगवतात आणि बाजारात मटणाच्या भावाने विकल्या जातात. हे सर्व पाहावे असेच आहे. पण ज्यांना कान्ह्याचे अरण्य पाहावयाचे आहे त्यांनी लक्षात ठेवावे की १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत राष्ट्रीय उद्यानाचा गाभा बंद असतो. हे ठाऊक नसल्याने मुक्कीच्या फाटकावरून परत फिरलेले आप्त आम्ही पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट रपट्यांची. ओढ्यावर जे बुटके फरशी पूल असतात त्यांना इकडे रपटा म्हणतात. वर डोंगरात तासभर पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही रपट्यावरून पाणी वाहू लागते. काही वर्षांपूर्वी श्रावणातच आमचा भाचा सहकुटुंब मोटारीने आला. आमचे न ऐकता बैहरकडून एका आडरस्त्याने परसवाड्यास निघाला आणि दोन ओढ्यांच्या मध्ये सापडला. पुढचा रपटा बुडालेला, मागचाही बुडालेला. रात्र एका गोंड कुटुंबाच्या ओसरीवर काढावी लागली. त्या घरच्यांनी कोदोचा भात आणि वास्त्याची भाजी वाढली, कोरडी घोंगडी दिली. त्याबद्दल तक्रारीस जागा नव्हती. परंतु भाच्याच्या सासूबाईंना मधुमेह, आणि त्यांची औषधाची पेटी बालाघाटला आमच्या फडताळात! इकडे आम्ही आणि तिकडे ते, दूरध्वनी कोणाचाच कोणाला लागेना. सकाळी आठ वाजता पाणी उतरले आणि प्रसंग निभावला. तेव्हापासून पाहुणा घरातून हलला की प्रथम औषधाची पेटी गाडीत गेली काय, हे आमच्या घरी मोठ्याने विचारले जाते. वाहत्या रपट्यात गाडी घालू नये, मागची बस गेली म्हणून तर मुळीच नाही.

वैनगंगेचे रागावणे याहून निराळे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वरच्या भागात अतिवृष्टी झाली, शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले, आणि आमच्या जिल्ह्यापासून भंडाऱ्यापर्यंत गावेच्या गावे जलमय झाली. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला या दिवसांत आणणे नको, यावर आम्हा दोघांचे एका क्षणात एकमत झाले.

मग शरद ऋतू. १ ऑक्टोबरला अरण्य उघडते. हिरवळ ताजी असते, हवा धुतल्यासारखी असते, आणि दिवाळीची सुटी असल्याने शहरातील मंडळींना सोयीचेही पडते. पण गवत पुरुषभर वाढलेले असल्याने जनावर दहा हातांवर असूनही दिसत नाही, हा एक भाग. दुसरा भाग मलेरियाचा. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत आमच्या जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात हा ताप जुना रहिवासी आहे. पूर्वीपेक्षा तो खूपच आटोक्यात आला असला, तरी मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांस पर्याय नाही. परत गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप भरला, तर डॉक्टरांना आपण कोठे जाऊन आलो हे आवर्जून सांगावे. पुण्याच्या डॉक्टरांना ते आपण होऊन सुचेलच असे नाही.

थंडीबद्दल मात्र आम्ही बराच वेळ वाद घातला. खरे पाहता धडधाकट माणसाने बैहर-कान्ह्यास यावयाचे ते डिसेंबर-जानेवारीतच, असे आमच्या घरातील गृहस्थाचे ठाम मत आहे. या दिवसांत बारशिंगे माजावर येतात. पहाटेच्या धुक्यात नराची ती लांबवर जाणारी साद एकदा ऐकली की विसरत नाही. कठीण भूमीवर राहणारी बारशिंग्याची ही जात मध्य भारताखेरीज जगात अन्यत्र नाही. १९७० साली कान्ह्यात त्यांची संख्या अवघी ६६ उरली होती. मग कुंपण घातलेल्या राखीव कुरणात त्यांची वीण वाढविण्यात आली, गवताची निगा राखली गेली, आणि गाभ्यातील गावे हलवून त्यांच्या शेतांची कुरणे झाली. मुक्कीच्या बाजूस सौंफ नावाचे जे विस्तीर्ण कुरण आहे ते असेच एका उठलेल्या गावाच्या जागेवरचे. आज बारशिंगे हजाराच्या घरात आहेत. उठलेल्या गावांच्या बैगा-गोंड मंडळींना त्या कुरणाकडे पाहून काय वाटत असेल, हा प्रश्न आमच्या मनात दर खेपेस येतो. वाटाड्यांपैकी काहीजण त्याच घरांतील मुले आहेत, आणि ती या विषयावर फारसे बोलत नाहीत.

शिवाय थंडीत चिन्नोर येतो. हा आमच्या जिल्ह्याचा सुवासिक तांदूळ, २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पीक लांब मुदतीचे, त्यामुळे कापणी-मळणी होऊन हाती यावयास नोव्हेंबर उलटतो. पाहुण्या भगिनींना एक सूचना: नवा चिन्नोर नेलात तर पाणी हात राखून घाला, नाहीतर भाताची पेज होईल आणि दोष आमच्या तांदळाला लागेल!

परंतु पहाटेची कान्ह्यातील थंडी गंमत नव्हे. कुरणांतील तापमान कधी कधी शून्याजवळ येते, गवतावर दहिवर गोठते, आणि उघड्या जिप्सीत वारा हाडे शोधीत येतो. आत्याबाईंना दमा आहे. त्यांच्या डॉक्टरांनी थंडीचा प्रवास साफ नाकारला. वाद तेथेच संपला.

उन्हाळ्याचा विचार आम्ही केवळ रीत म्हणून केला. मे महिन्यात शाळांना सुटी असते म्हणून लोक येतात, आणि पाणवठे मोजकेच उरल्याने वाघ दिसण्याचा संभवही तेव्हाच अधिक, हे खरे. पण पारा चाळिशीच्या वर असतो. ठाण्याची एक मंडळी वाघासाठी म्हणून मेमध्ये आली, चार फेऱ्यांत वाघ दिसला नाही, आणि जणू आम्हीच तो लपवून ठेवला अशा मुद्रेने परत गेली. त्याच दिवसांत तेंदूपानांची तोडणी चालते. पहाटे अंधारातच अर्धे गाव जंगलात असते. पन्नास पानांची एक गड्डी, अशा हजार गड्ड्यांचा एक बोरा, असा हिशेब. सकाळी विसाव्याच्या जागी चहा करावयास माणूस मिळाला नाही, तर कुरकुर करू नये. वर्षाच्या रोकड कमाईचा मोठा वाटा त्या पंधरा-वीस दिवसांत पदरी पडावयाचा असतो.

राहता राहिला तो वसंत. आणि आत्याबाईंची सरईही वसंतातच फुलते.

साल हे झाड पूर्णपणे निष्पर्ण असे कधी होतच नाही. फाल्गुन-चैत्रात जुनी पाने गळत असतानाच नवी फुटतात, आणि त्यांच्याबरोबर फिकट पिवळसर फुलांचे घोस. बैहरचा सारा डोंगर तेव्हा सायीच्या रंगाचा दिसतो आणि मंद गोड वास रस्त्यापर्यंत येतो. याच सुमारास मोह गळू लागतो. उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन मुलाबाळांसह माणसे झाडाखाली हजर होतात. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि कधी कधी तीच आग रान पेटविते. म्हणून या दिवसांत वाटेत धूर दिसला तर नवल नाही, पण दमेकऱ्याने रुमाल जवळ ठेवावा. जूनच्या आरंभी सालाचे पंख असलेले बी भिरभिरत खाली येते. त्याची उगवण्याची शक्ती जेमतेम आठवडाभर टिकते. तेवढ्यात पाऊस आला तर रोप, नाहीतर माती.

तेव्हा मार्चचा अखेरचा आठवडा ते एप्रिलचा पहिला, एवढीच खिडकी. दिवसा ऊन असते पण घाटावर ते सोसवते, रात्री पातळ पांघरूण पुरते, पाऊस नाही, ताप नाही, रपटे कोरडे. सर्व जुळले असे वाटून आम्ही पुण्यास दूरध्वनी केला. आत्याबाईंचे चिरंजीव बँकेत. ते म्हणाले, "मार्चअखेर? अहो दादा, त्या आठवड्यात मी घरी जेवायला येतो हेच पुष्कळ!" नातीची परीक्षाही त्याच दिवसांत. "मे महिन्यात नाही का जमणार? नाहीतर पुढल्या वर्षी पाहू." पुढल्या वर्षी! आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. काकांनाही आम्ही हेच म्हणालो होतो.

अखेर तोड निघाली ती अशी की आम्हीच पुण्यास जाऊन आत्याबाईंना घेऊन यावयाचे. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियापर्यंत येते, मध्ये गाडी बदलण्याचा त्रास नाही. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, त्याच दिवशी सकाळी खालचे शयनस्थान मिळवावे. गोंदियाहून बालाघाट रेल्वेने वा मोटारीने तासा-दीड तासाचे. आत्याबाईंच्या मनात मात्र अजून छोटी गाडी आहे. नैनपूर-जबलपूरकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी, चारेगाव-लामट्याच्या स्थानकांवर निवांत उभी राहणारी, २०१५ साली बंद पडली. आता तेथून मोठ्या रुळांच्या गाड्या धावतात.

बालाघाटला एक पूर्ण दिवस विश्रांती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघून गांगुलपाऱ्याच्या तलावापाशी थांबावयाचे, उकव्यास चहा, आणि उन्हे चढण्यापूर्वी बैहर. साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता, पण घाटाची वळणे धरून अडीच तास हाताशी ठेवावेत. परतीला संध्याकाळ करावयाची नाही. १९९० नंतरच्या काळात नक्षलवाद्यांच्या भीतीने या रानातून जावयास लोक धजत नसत; १९९९ च्या डिसेंबरात राज्याचे तत्कालीन परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची त्यांच्या गावीच हत्या झाली, तेव्हाची धास्ती आम्हाला आठवते. आता दिवस पालटले आहेत. तरीही जंगलाचा रस्ता उजेडीच संपवावा, ही आमची सवय राहिली आहे. रानगव्यांसाठीसुद्धा ती बरीच. मुक्कीची फेरी करावयाची तर आरक्षण काही महिने आधी करावे, ओळखपत्र न्यावे, आणि बुधवारी दुपारी फेरी नसते हे ध्यानात ठेवावे. आत्याबाईंना फेरी नकोच आहे. "वाघ बघून काय करू? लहानपणी रात्री ओरडायचा तेव्हा अंथरूण ओलं केलंय मी," असे त्या म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र मनाला टोचत होती. आत्याबाईंचे बैहर आता जागेवर आहे काय? फेब्रुवारीत आम्ही उभयता गुपचूप पाहणी करून आलो. मास्तरांचे कौलारू घर नाही. तेथे सिमेंट-लोखंडाचे दुकान झाले आहे. शाळेची ती जुनी इमारतही नाही. ओढा आहे, पण बारीक. आणि सरई? १९९७-९८ च्या सुमारास मंडला, बालाघाटकडच्या सालवनांवर खोडकिड्याची मोठी साथ आली होती. भुंगेऱ्याची अळी खोड पोखरी, आणि झाड उभ्याउभ्या वाळे. ताज्या तोडलेल्या ओंडक्यांच्या रसाने भुंगेरे खेचून ते वेचण्याची मोहीम निघाली, पोखरलेली झाडे मोठ्या संख्येने तोडावी लागली. त्यात ओढ्याकाठची किती गेली हे सांगावयास कोणी भेटले नाही. आम्ही उभी मोजली ती अकरा. खोडे जाड, कवेत न मावणारी. त्यांतील काही तरी आत्याबाईंच्या वेळची असावीत.

हे त्यांना सांगावे की नाही, यावर घरी दोन दिवस खल झाला. न सांगता आणावे, हा एक पक्ष. एवढा प्रवास करवून दुकानासमोर उभे करणे बरे नव्हे, हा दुसरा. शेवटी सर्व सांगितले. पलीकडे थोडा वेळ आवाज नव्हता. मग त्या म्हणाल्या, "अरे, घर बघायला कोण येतंय? अकरा पुष्कळ झाली. पण मी येईन तेव्हा फुललेली असतील ना?"

याचे उत्तर दिनदर्शिकेत नाही. थंडी लांबली तर बहर आठ-दहा दिवस मागे जातो, उन्हाने घाई केली तर पुढे येतो. म्हणून ओढ्याजवळ ज्यांचे घर आहे त्या परिचितांना पहिला घोस दिसताच दूरध्वनी करावयास सांगून ठेवले आहे. आमचे पुण्याहून परतीचे तिकीट २४ मार्चचे आहे. निरोप त्याआधी आला, तर ते रद्द करून मिळेल त्या गाडीने निघावयाचे. आत्याबाईंनी आपली पिशवी भरून दाराशी ठेवली आहे असे कळते.